रेघेखाली पेट्रोल नाही

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे, आणि आधीच सांगतो, मला राग आला आहे. म्हातारपणी शांत व्हावं म्हणतात. ज्याच्या तोंडात दुसऱ्याची जीभ बसवली, त्याने कसं शांत व्हायचं?

माझा जन्म पत्र्याच्या कारखान्यात झाला. डोक्यावर एका तेल कंपनीचं लाल घुबड, मधोमध काचेची नळी, दोन्ही बाजूंना आकडे. कंपनीला जाहिरात हवी होती, म्हणून तिने मला अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या थॉरवाल्डच्या पेट्रोल पंपाला फुकट दिलं. थॉरवाल्डने मात्र घुबडाकडे कधी पाहिलं नाही. तो माझा आकडा पाहायचा. माझे आकडे फॅरनहाइटचे; पाणी बत्तिसाला गोठतं, ही माझी बाराखडी. ती मी कधी चुकलो नाही.

एका फेब्रुवारीत क्लिफर्ड नावाचा तरुण आला. शिवणयंत्रं विकत गावोगाव फिरायचा. मी शून्याखाली चोवीस दाखवत होतो. थॉरवाल्डने त्याची टाकी भरून दिली आणि हात हलवून निरोप दिला. दुसऱ्या दिवशी बर्फात रुतलेली गाडी सापडली. क्लिफर्ड आत गोठून गेला होता. टाकी अजून जवळजवळ भरलेली होती.

थॉरवाल्डने चार दिवस पंप उघडला नाही. पाचव्या दिवशी त्याने खिळा घेतला आणि माझ्या पत्र्यावर, शून्याखाली वीसच्या आकड्याशी, एक आडवी रेघ ओरखडली. मला दुखलं. तरी त्या दिवसापासून मी नुसती जाहिरात राहिलो नाही.

नळीतली लाल रेषा त्या ओरखड्याखाली उतरली की पंपाला कुलूप लागायचं. प्रवासी चिडायचे. एका ट्रकवाल्याने तर तोंडावर विचारलं, "तू पेट्रोल विकतोस की पोरं सांभाळतोस?"

"आज पोरं सांभाळतोय," थॉरवाल्ड म्हणाला. "रेघेखाली पेट्रोल नाही. आत ये, वाटाण्याचं सूप आहे."

तो ट्रकवाला दोन दिवस राहिला आणि पुढे दर नाताळला पत्र पाठवत राहिला. आत सूप वाढायला थॉरवाल्डची लेक सोल्वेग असायची. स्टुलावर चढून माझा आकडा तीच मोठ्याने वाचायची.

मग नवा हमरस्ता झाला आणि पंप बंद पडला. थॉरवाल्ड गेला. सोल्वेग दूर नांदत होती. लिलावात कुणी तरी मला उचललं, कोठारात टाकलं. तिथे माझी नळी फुटली. तेवढ्यावर मी रागावलो नाही. काच आहे, फुटायचीच.

राग आहे तो डेल्बर्टवर. हा जुन्या पंपांवरच्या वस्तू जमवून दुरुस्त करणारा. हात खरोखर सोन्याचे, पण अक्कल गहाण टाकलेली. गंज काढला, घुबडाचे डोळे रंगवले. आणि माझी रेघ? तिच्यात पुट्टी भरून, घासून, वर रंग मारला. दोन दिवस खपला हो त्यासाठी! वर दुसऱ्याच कुठल्या तापमापकाची नळी मला बसवली. मापाला तेवढीच आली म्हणून खूश झाला. बर्फात धरून आकड्याशी ताडून पाहायची तसदी घेतली नाही.

पुढे जुन्या वस्तूंच्या जत्रेत त्याने मला मांडलं. एक पांढऱ्या केसांची बाई घुबड पाहून थांबली. सोल्वेग! तिने शून्याखाली वीसपाशी नख फिरवलं आणि मान हलवली. "हा नव्हे. आमच्या बाबांच्या तापमापकावर इथे ओरखडा होता."

मला ओरडायचं होतं. तोंड कुठून आणू?

डेल्बर्ट हसला. "होता की. मी बुजवला. बघा, कळतंय का कुठे?"

 शेजारच्या सरबताच्या गाडीवरून सोल्वेगने बर्फ आणला, रुमालात बांधला आणि माझ्या नळीच्या फुग्याला लावून धरला. लाल रेषा उतरत उतरत अठ्ठेचाळिसावर थांबली. पुढे हलेना.

"बत्तीस हवे होते," ती म्हणाली.

"अहो आजी, भिंतीवर शोभेला लावायचाय. आकडा कोण बघतंय?"

"माझे बाबा बघायचे. तुझ्या या शोभेवर विसंबून त्यांनी एखाद्याला टाकी भरून दिली असती आणि तो मेला असता. काढ ती नळी."

डेल्बर्टचा चेहरा उतरला. त्याने नळी काढली. सोल्वेगने मला विकत घेतलं आणि तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत, गाडीच्या किल्लीने त्या कोऱ्या रंगावर आडवी रेघ ओढली. तो कळवळला. मी नाही.

मित्रांनो, जुनं जपा, जरूर दुरुस्त करा. पण ओरखडा पुसण्याआधी विचारा, तो कुणी काढला आणि का.

आता मी सोल्वेगच्या दाराशी आहे. जुळणारी नळी अजून मिळालेली नाही. परवा हिमवादळात एक परका तरुण दारात आला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "याच्यात तर नळीच नाही. थंडी किती आहे हे कळणार कसं?"

"रेघ आहे ना," सोल्वेग म्हणाली. "आत ये. सूप गरम आहे."