टाकीमागची पेटी

पत्र्याची, जुनी आणि एका कोपऱ्यात चेपलेली अशी मी एक पेटी आहे, मित्रांनो. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या मागच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीशेजारी मी टांगलेली असते. माझ्या पोटात निरोधची पाकिटं असतात. हसलात ना? खुशाल हसा. माणसं आधी हसतात, मग इकडंतिकडं बघतात आणि मग गुपचूप हात घालतात, हे मी रोज बघते.

राधाकृष्ण नावाच्या पत्रेवाल्यानं मला काष्टीच्या बाजारात बसून घडवलं. वर चिठ्ठी टाकायला फट, पुढं कडी, आणि अंगावर लाल अक्षरं: तक्रार पेटी. दवाखान्याच्या दारात माझा मोठा थाट होता. पण आठ वर्षांत माझ्यात चार चिठ्ठ्या पडल्या आणि त्यातली एक सासूविरुद्ध होती. शेवटी मला गंज चढला आणि कुणीतरी मला मोडक्या स्टुलांखाली फेकून दिलं. तिथं मी फार रडवेली झाले होते.

मला तिथून सविता मॅडमनी बाहेर काढलं. त्या दवाखान्यातल्या समुपदेशक. एड्स, गुप्तरोग, नशा अशी भीती मनात घेऊन आलेल्या माणसाशी दार लावून बोलायचं आणि ते बोलणं बाहेर कुठं काढायचं नाही, हे त्यांचं काम. त्यांनी माझ्या खाली हात जाईल एवढं भोक पाडून घेतलं, हिरवा रंग दिला आणि मला केसपेपरच्या खिडकीशेजारी टांगलं. तीन आठवडे माझ्याकडं कुणी फिरकलं नाही. मग झाडलोट करणाऱ्या केशरबाई म्हणाल्या, "मॅडम, हितं कोन हात घालंल? ह्या रांगंत निम्मी पावन्यातली मानसं उभी असत्यात." तेव्हा कुठं मी टाकीमागं आले आणि आठवड्याभरात रिकामी झाले. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

उसाचा हंगाम सुरू झाला की दर गुरुवारी मॅडम मला जीपमधून साखर कारखान्याच्या गव्हाणीबाहेर, ऊस उतरवतात तिथं नेतात. तिथं उसाचे ट्रॅक्टर तासन्‌तास रांगेत उभे असतात आणि मी एका बाभळीला लटकते. तिथंच मला कल्याण आणि बजरंग भेटले. नावं बदलून सांगते हं, मॅडमच्या हाताखाली एवढं तरी शिकले आहे. दोघं ट्रॅक्टरचालक, पंचविशीतले, एकमेकांशिवाय घास न उतरणारे. एकच ताट घ्यायचे, दोघांचा रस्सा एकत्र ओतायचे आणि त्यात भाकरी कुस्करून जेवायचे. कल्याणचं लग्न जयाशी ठरलं होतं, हंगाम संपला की बार उडणार होता. जेवण झालं की दोघं न लाजता माझ्यात हात घालायचे. सगळ्या रांगेत हेच दोघं शहाणे, असं मी मनात म्हणायचे.

एका गुरुवारी मॅडमनी कल्याणचा दंड पाहिला. तो सुजून लालबुंद झाला होता.

"दादा, हे कशानं झालं?"

"काय न्हाई मॅडम, बाभळीचा काटा लागला."

"काटा शिरेवर बरोबर चार वेळा लागला का?"

मग कल्याणनं खरं काय ते सांगितलं. जिममधल्या कुणीतरी शिकवलेलं इंजेक्शन दोघं गेल्या हंगामापासून घेत होते. आधी झोप उडावी म्हणून, मग मजा येते म्हणून. आणि सुई एकच.

"एका ताटात जेवतो आमी," बजरंग म्हणाला. "त्याला म्हनू का, तुझी सुई येगळी ठिव? लई वाईट वाटंल त्याला. आन् गरम पान्यानं धुतो की."

"आणि ही पाकिटं नेता ती?"

बजरंगनं शर्टाच्या खिशातून माझंच पाकीट काढलं. ते धुण्यात दोनदा जाऊन आलेलं, चुरगळलेलं होतं. "नशेत कुठंबी जाऊन येतो मॅडम. ह्ये खिशातच र्‍हातंय. ध्यान कुठं असतंय तवा?"

मित्रांनो, त्या दिवशी माझा सगळा तोरा उतरला. मी रिकामी होत होते म्हणजे माणसं सुखरूप आहेत, असं मी समजून बसले होते. माझी पाकिटं सुईला अडवत नाहीत आणि शुद्धीत नसलेल्या माणसाच्या खिशातून ती आपोआप बाहेरही येत नाहीत. मॅडमनी दोघांना समजावलं, की एका ताटात जेवून हा आजार होत नाही, पण सुईवर राहिलेलं रक्त पाण्यानं धुऊन जात नाही. दुसऱ्या दिवशी दोघं तपासणीला आले.

बजरंगला एचआयव्हीची लागण निघाली. सुईतून झाली की दुसऱ्या वाटेनं, ते कुणाला सांगता येणार नव्हतं आणि मॅडमनी खोदून विचारलंही नाही. त्यांनी कल्याणला यातलं अक्षरही सांगितलं नाही. बजरंगनंच त्याला टाकीमागं आणलं आणि सांगितलं. कल्याणची तपासणी चांगली आली होती, पण नुकती लागण झाली असेल तर ती लगेच दिसत नाही, म्हणून त्याला तीन महिन्यांनी पुन्हा यायचं होतं.

तो माझ्यासमोरच जयाला फोन करून सगळं बोलला, सुईचं आणि बाकीचंही. "तीन महिने थांब. तुला फसवून न्हाई लगीन करायचं मला." मग तो नुसताच "व्हय, व्हय" म्हणत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही.

मॅडमनी दोघांना नशा सोडवणाऱ्या डॉक्टरांकडं धाडलं. कल्याण मध्ये एकदा घसरला आणि दुसऱ्याच दिवशी येऊन त्यानं स्वतःहून ते कबूलही केलं. बजरंगच्या गोळ्या सुरू झाल्या. रोज घेतल्या तर माणूस धडधाकट जगतो, कामधंदा आणि संसारही करतो, असं मॅडमनी त्याला बजावलं. पण घरी वहिनीनं त्याचं ताट-पेला वेगळा काढला. गोळ्या न्यायला आला, की तो ते ताट पिशवीतून काढून टाकीच्या पायरीवर एकटाच जेवायचा. मला ते बघवत नसे.

एका दुपारी कल्याण डबा घेऊन आला आणि त्यानं सगळं पिठलं बजरंगच्या ताटात ओतलं. बजरंगनं ताट ओढून घेतलं. "नगं गड्या. ह्ये माझं ताट हाय."

"सुईला न्हाई म्हनायला पायजे हुतं, तवा म्हनलो न्हाई," कल्याण म्हणाला. "आता ताटाला न्हाई म्हनू व्हय? सरक तिकडं."

दोघं जेवले. केशरबाईंनी आतून कांदा आणून दिला.

मित्रांनो, माझ्यात हात घालायला लाजू नका. मात्र मी तुमच्या शुद्धीच्या जागी उभी राहू शकत नाही, ती तुमची तुम्हीच सांभाळा. सुई सख्ख्या भावाशीसुद्धा वाटून घेऊ नका आणि शंका आली तर दार ढकलून आत या.

परवा कल्याणची दुसरी तपासणीही चांगली आली. जया सोबत आली होती, तिनंही स्वतःची तपासणी करून घेतली. जाताना कल्याण टाकीमागं आला आणि खालच्या भोकाला हात न लावता त्यानं माझ्या वरच्या जुन्या फटीतून एक कागद आत टाकला. लग्नाची पत्रिका होती ती. "पंगतीत वाढायला बजऱ्याच र्‍हानार," तो मॅडमना म्हणाला, "घरी आधीच सांगून ठिवलंय."

माझ्या आयुष्यातली ही पाचवी चिठ्ठी. हिच्यात कुणाचीच तक्रार नव्हती.