तुलनेचा गट

घरात तिला मापटं म्हणत. लहानपणी औषध पाजायला आलेल्या आईला तिने हा चमचा प्रमाणित आहे का असे विचारले होते. तेव्हापासून हे नाव चिकटले, आणि रसायनशास्त्राच्या पदवीवर्गात गेल्यावर ते शोभूही लागले. पदवीसाठी मुख्य विषयाच्या जोडीला एक उपविषय घ्यावा लागे. गणिताचे तास प्रयोगशाळेच्या वेळांवर आदळत होते, संगणकाच्या जागा भरल्या होत्या. उरला होता मानवसेवा हा विषय. दुकान बंद होता होता शिल्लक माल उचलावा, तसा तिने तो उचलला.

"तू आणि मानवसेवा?" थोरला भाऊ म्हणाला. "म्हणजे आता ही उंटावरून माणसं हाकणार."

माणसांना मदत करणे या विषयात कोणी नापास कसे होऊ शकते, हे मापट्याला उमगत नव्हते. विषय शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच तासाला ते उमगवले. प्रत्येकाने सत्रभर वृद्धांच्या दिवसकेंद्रात जायचे, सल्ला न देता त्यांचे ऐकायचे, आणि शेवटी आपल्या असण्याने तिथे काय फरक पडला याचा अहवाल द्यायचा. अहवाल पोकळ निघाला तर विषय राहिला, विषय राहिला तर पदवी राहिली, आणि पदवी राहिली तर ज्या संशोधनशाळेने मापट्याला जागा देऊ केली होती ती जागाही गेली.

फरक पडला, पण कशाच्या तुलनेत? हा प्रश्न बाकीच्या विद्यार्थ्यांना पडला नाही. मापट्याला दुसरा प्रश्नच पडला नाही.

केंद्राच्या दालनात दोन लांब टेबले होती, एक खिडकीशी आणि एक दाराशी. मापट्याने नाणे उडवले. खिडकीच्या टेबलाला ती ऐकणार होती. दाराच्या टेबलाला फक्त नमस्कार मिळणार होता. दुपारच्या चहानंतर कोण रेंगाळतो आणि कोण घर गाठतो, एवढेच मोजायचे होते. ते काम तिने चहा देणाऱ्या मावशींवर सोपवले आणि कारण मुद्दाम सांगितले नाही, म्हणजे मावशींच्या मायेची भेसळ आकड्यांत होणार नव्हती.

खिडकीचे टेबल सुखावले. मध्येच न तोडता ऐकणारे माणूस त्यांना कित्येक वर्षांत भेटले नव्हते. गुडघ्यांपासून सुनांपर्यंत सर्व दुखणी बाहेर पडली. दाराच्या टेबलावर मात्र एक निवृत्त बस कंडक्टर बसत. जन्मभर बिनतिकिटाचे प्रवासी हेरलेल्या त्या नजरेतून हा प्रकार सुटणे शक्य नव्हते. आठवड्याभरातच त्यांनी तिला अडवले.

"पोरी, आमच्या टेबलाला वास येतो का?"

खोटे बोलणे शास्त्रात बसत नव्हते. नव्या औषधाची परीक्षा घेताना काहींना औषध देतात आणि काहींना मुद्दाम देत नाहीत, तशातला हा प्रकार आहे, असे तिने सांगितले.

"म्हणजे आम्ही बिनऔषधाचे?"

"हो, आजोबा. तुलनेचा गट म्हणतात त्याला."

"आणि आमच्यावाचून तुझं औषध खरं की खोटं, ते कळायचं नाही?"

"अजिबात नाही."

कंडक्टर ताठ मानेने जागेवर परतले. दुसऱ्या दिवसापासून मापटं जरा रेंगाळली की ते हात हलवून "पुढे चला, पुढे चला" म्हणत आणि सारे टेबल तोंडावर बोट ठेवी. आपण शास्त्राच्या उपयोगी पडत आहोत या विषयावर त्यांना इतके बोलायचे होते, की चहानंतर कोणी उठेचना. आकडे उलटे झाले. मापट्याने दात आवळले आणि वाट पाहिली. नव्याचे नऊ दिवस सरले, टेबल पूर्ववत कंटाळले, खिडकीकडचे अधिक रेंगाळू लागले. निष्कर्ष दृष्टिपथात आला. आठवडाच काय तो उरला होता.

तेव्हा शिवणवाल्या आजींनी तिला चपलांपाशी गाठले. उभा जन्म त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. आता दाराच्या टेबलावर बसून त्या शेजारणीकडून सुई ओवून घेत.

"तुझा प्रयोग कधी संपतो गं?"

"पुढच्या शुक्रवारी, आजी."

"मग राहू दे."

"काय राहू दे?"

"बुधवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर भराभरा बोलतात, मला काही कळत नाही. नीट विचारणारं कुणी सोबत असतं तर बरं झालं असतं. पण आमच्याशी बोलायचं नाही ना तुला. कंडक्टर म्हणाले, शिस्त म्हणजे शिस्त."

मापट्याने मनात हिशेब मांडून पाहिला. एका माणसाला आकड्यांतून गुपचूप वगळणे ही लबाडी होती. न वगळता मदत करणे म्हणजे सत्राच्या श्रमांवर पाणी. शुक्रवारपर्यंत थांबणे शास्त्राला धरून होते. फक्त डोळा बुधवारचा होता.

तिने खुर्ची ओढली. "बसा आजी. कुठला डोळा?"

"अगं, आकडे बिघडतील तुझे."

"बिघडू देत."

"हा नियमभंग आहे," कंडक्टर टेबलावरून गरजले. मग खुर्ची घेऊन तेही आले, कारण मोतीबिंदू त्यांनाही होता. पाठोपाठ अख्खे टेबल सरकले. त्या दुपारी प्रयोग संपला, आणि तो कोणी संपवला याबद्दल तिळमात्र संशय नव्हता.

बुधवारी मापटं आजींबरोबर गेली. भूल कसली, भिंग कोणते, बिघडण्याची शक्यता किती आणि ती किती रुग्णांवरून काढलेली, असे प्रश्न एकामागून एक आल्यावर भराभरा बोलणारे डॉक्टर खुर्चीत बसले आणि सावकाश बोलू लागले. प्रत्येक उत्तर तिने आजींना सोपे करून सांगितले. नर्सने विचारले, तुम्ही यांच्या कोण? मापटं अचूक शब्द शोधेपर्यंत आजींनीच सांगून टाकले.

"मी हिचा तुलनेचा गट."

अहवालात मापट्याने खरे तेच लिहिले: प्रयोग प्रयोगकर्तीने स्वतःच बिघडवला, सबब निष्कर्ष काढता येत नाही. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला आणि एवढेच विचारले, की आजींचा डोळा कसा आहे. त्यावर मापटं अर्धा तास बोलली. बाईंनी तिला काठावर पास केले. अहवाल कच्चा होता आणि त्यात सवलत नव्हती. संशोधनशाळेतली जागा वाचली.

"मानवसेवेत काठावर," भाऊ म्हणाला. "म्हणजे तू माणूस आहेस, पण जेमतेम."

केंद्राचा निरोप घ्यायला ती गेली तेव्हा आजींची पट्टी निघाली होती. त्यांनी तिला उजेडात उभे केले, नखशिखांत न्याहाळले आणि पिशवीतून सुईदोरा काढला.

"एवढी मापं काढणारी तू, आणि कॉलरचं बटण हे असं वाकडं? इतके दिवस मला दिसलंच नाही. हलू नकोस."

सुई त्यांनी स्वतःच ओवली. मापटं हलली नाही.