मी चालू की बंद? : एका फीचर फ्लॅगचे मनोगत

मित्रांनो, मी एक जुना फीचर फ्लॅग आहे. नावात फ्लॅग असला तरी मला ना काठी, ना कापड. एका रुग्णालयाच्या वेबसाइटच्या कोडमधली मी एक ओळ, दिव्याच्या बटणासारखी. मी चालू असलो की लोकांना नाव नोंदवण्याचे नवे पान दिसते. बंद असलो की जुने. काम एवढेच, तरी जन्मभर मला माझेच काही उमगले नाही.

मला लिहिणाऱ्या प्रोग्रामर बाईंना सगळे ताई म्हणत. त्यांनी माझे नाव ‘नवे पान’ ठेवले. ते पान एकदम सगळ्यांना दाखवायला त्यांचे मन धजेना, म्हणून मी निम्म्या लोकांसाठी चालू आणि निम्म्यांसाठी बंद. एकाच वेळी दोन्ही! माझे डोके गरगरायचे.

एका सकाळी नोंदणीच्या खिडकीवरचे काका ताईंच्या टेबलाशी येऊन थडकले.

“ताई, खिडकीशी एक सासरे-सून आलेत. सासरे म्हणतात माझ्या मोबाइलवर मोठं हिरवं बटण आहे, सून म्हणते माझ्यावर नाहीच. दोघं हमरीतुमरीवर आलेत. खरं कोणाचं?”

“दोघांचंही,” ताई म्हणाल्या.

“मग वेडा मीच म्हणायचा,” असे पुटपुटत काका परतले. मलाही तसेच वाटत होते.

महिन्याभराने मी सगळ्यांसाठी चालू झालो. “शाब्बास, काही गडबड झाली नाही,” ताई पडद्याकडे बघून म्हणाल्या. मी सुखावलो. पुढे त्या दुसऱ्या विभागात गेल्या आणि दोन वर्षे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. काम संपले होते की चालू होते, कोणास ठाऊक!

मग त्यांच्या जागी आलेल्या दादांनी साफसफाई काढली. “नवे पान? सध्या नवं तर काहीच येणार नाहीये. उगाच चालू ठेवलंय कोणीतरी,” असे म्हणून त्यांनी मला बंद केले. लोकांसमोर पुन्हा जुने पान आले. त्यावर नाव भरले की ‘नोंद झाली’ असे उत्तर मिळे. पण नावे जात जुन्या यादीत, आणि ती यादी आता कोणीच उघडत नव्हते.

तिसऱ्या दिवशी एक आजी डायलिसिससाठी आल्या.

“लेकीनं वेबसाइटवर नोंद केलीय हो. हा बघा ‘नोंद झाली’चा कागद.”

“कागद खरा आहे आजी,” काका गोंधळून म्हणाले, “पण यादीत तुमचं नाव नाही.”

सगळी यंत्रे इतरांना दिलेली होती. पाय सुजलेल्या आजी धापा टाकत बाकावर बसून राहिल्या. नर्सबाईंनी दुपारी कसेबसे एक यंत्र मोकळे केले, तोवर चार तास उलटले होते.

काका तो कागद घेऊन तडक दादांकडे गेले. कागद पाहताच दादांचा चेहरा पडला. “हे जुन्या पानाचं आहे. नवं पान मीच बंद केलं...” त्यांनी मला चालू केले आणि ती विसरलेली यादी उघडली. आणखी बावीस नावे! दोघे दोन फोन घेऊन बसले. “माफ करा, चूक आमची आहे,” असे बावीस जणांना सांगून दोघांचे घसे बसले.

मी मात्र बुचकळ्यात पडलो. बंद कर म्हटल्यावर मी बंद झालो. मग आजींचे हाल माझ्यामुळे झाले का?

दुसऱ्या दिवशी दादांनी ताईंना बोलावले.

“हा अजून इथेच?” त्या चकित झाल्या.

“कोणी काढायचा होता?”

“मीच. म्हटलं, उद्या काढू. आणि नाव तरी काय ठेवलं मी! तुम्हाला कळणार कसं?”

मित्रांनो, आता ते दोघे मिळून मला पुसत आहेत; आधी जुने पान, मग मी. इतर वस्तू म्हणतात, आम्हाला जपा. माझी विनंती उलटी आहे. माझ्यासारख्याला जन्म द्याल तेव्हा तो कशासाठी आहे, त्याला कोण काढणार आणि केव्हा, हे शेजारीच लिहून ठेवा. आणि ती तारीख पाळा. मला पुसायला ताईंना दहा मिनिटेही लागणार नाहीत. ती दहा मिनिटे दोन वर्षांपूर्वी मिळाली असती, तर आजी त्या बाकावर बसल्या नसत्या.