मार्चचा लाल खांब

किशोर मॅनेजरचं एक लाडकं वाक्य होतं. शीतलच्या हातून कागद पडला किंवा चुकीचं बटण दाबलं गेलं, की तो हसत म्हणायचा, "घाई करू नकोस. तुझ्या नवऱ्याने केली, काय झालं बघितलंस ना?" ऑफिसातले दोघं-तिघं फिदीफिदी हसायचे. शीतलही ओठ ताणून हसायची. दोन वर्षं हसली बाई, आणि प्रत्येक हसू मनात मोजून ठेवलं.

तिचा नवरा अनंता मुरबाडच्या त्याच कारखान्यात पत्रा दाबायच्या सात नंबरच्या प्रेसवर होता. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तो प्रेस बिघडला. बटण एकदा दाबलं तरी दोनदा खाली यायचा. महिनाअखेरीस त्याने अनंताच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. अहवालात लिहिलं गेलं, 'कामगाराची घाई'. अंगठा तेवढा शाबूत राहिला होता, तो किशोरने दवाखान्यातच त्या अहवालावर उठवून घेतला. वर बायकोला ऑफिसात चिकटवलं, म्हणजे घराचं तोंड बंद.

"मी रोज सांगत व्हतो गो," टोकावड्याच्या घरी अनंता पुन्हा पुन्हा म्हणायचा. "सुपरवायझर तक्रार कंप्युटरात चढवायचा. पन आता कोन मानतंय?"

शीतलने बिघाडांची ती यादी उघडून पाहिली होती. मार्चमध्ये सात नंबरचं नावच नव्हतं. कुणीतरी पुसलं होतं, आणि कुणी ते सांगायला ज्योतिषी नको होता.

मग ती दर रविवारी शहापूरला कंप्युटरच्या क्लासला जाऊ लागली. एकदा सरांनी पिव्होट टेबल शिकवलं. हजार नोंदींचा ढीग क्षणात महिन्यांप्रमाणे मोजून देणारा तक्ता. सर म्हणाले, "या तक्त्याच्या पोटात नोंदींची स्वतःची प्रत असते. मूळ यादीत काही बदललं तरी रिफ्रेश करेपर्यंत त्याला पत्ता नसतो. आकड्यावर दोनदा क्लिक केलं, की आतल्या नोंदी बाहेर."

सोमवारी तिने जुनी फाइल उघडली. यादीत मार्चचे बिघाड बारा. शेजारच्या पिव्होटमध्ये एकतीस. किशोरने यादी पुसली होती, तक्ता विसरला होता. शीतलने रिफ्रेश न करता फाइल तशीच बंद केली. तिने नोंदी बाहेर काढून दाखवल्या असत्या, तर त्याने तिलाच खोटं पाडलं असतं. हे त्याच्याच हाताने व्हायला हवं होतं.

वर्षभराने तो दिवस आला. माल घेणाऱ्या कंपनीच्या मॅडम तपासणीला येणार होत्या. किशोरने बिघाडांचा चार्ट मागितला, जुन्या वर्षासकट. शीतलने जुन्या वर्षाचा चार्ट रिफ्रेश न करता त्याच पिव्होटवरून काढला. सगळे खांब निळे ठेवले, आणि त्या मार्चचा लाल केला.

"लाल का?" किशोरने विचारलं.

"उठून दिसतं, सर."

दिसलंच. मालकांच्या केबिनमध्ये भिंतीवर चार्ट उमटला आणि मॅडमनी पहिलं बोट तिकडेच दाखवलं. "या महिन्यात एवढे बिघाड कसले?"

माउस किशोरच्या हातात होता. "आकडा जुना असेल, मॅडम. रिफ्रेश करतो."

शीतल पुढे सरकली. एक क्लिक, आणि अनंताचं सगळं कायमचं गेलं असतं. "सर," ती कशीबशी म्हणाली, "आधी त्या एकतीसवर दोनदा क्लिक करा. बिघाड कसले ते मॅडमना दिसंल."

"हो, करा," मॅडम म्हणाल्या.

किशोरने क्लिक केलं. नवं पान उघडलं आणि एकतीस ओळी भिंतीवर उभ्या राहिल्या. त्यातल्या एकोणीस सात नंबरच्या. 'प्रेस दोनदा पडतो. तक्रार : अनंता.' प्रत्येकीपुढे शेरा एकच. 'ऑर्डर आहे, चालू ठेवा. किशोर.' शेवटची ओळ अपघाताच्या आदल्या दिवसाची.

मालक खुर्चीतून उठले. किशोरचा चेहरा पांढराफटक पडला. शीतलला त्याची तसूभर दया आली नाही, उलट जीव थंड झाला. फाइल बंद करायला तो धडपडला, बोट भलत्याच बटणावर पडलं, आणि माउस निसटून खाली लोंबकळला.

शीतलने माउस उचलून त्याच्यापासून लांब ठेवला.

"घाई करू नका, सर," ती म्हणाली. "मॅडमना वाचू द्या."