पाप्याच्या हातची सुरी

सुरी दगडावर आपटली, तिचे खळ्‌कन दोन तुकडे झाले आणि अख्ख्या चौकानं छातीवर क्रूस काढला. पुन्हा एक धनगर चोर ठरला. क्रीटच्या डोंगरातल्या त्या गावात मेंढी गेली की आता पोलिसाला कुणी बोलवत नसे. अवेर्किओस बाबाला बोलवत.

"पुण्यवंताची लवते, पाप्याची तुटते, संतापुढे खोटं कधी ना सुटते," असं गुणगुणत बाबा पोतडीतून लखलखीत सुरी काढी आणि दगडावर आपटायला संशयिताच्या हाती देई. पोतडी सुऱ्यांनी भरलेली, पोट गावच्या चीजनं.

गेल्या वसंतात आर्गिरोच्या बापाची सुरी अशीच तुटली होती. बाप, मानुसोस, सुऱ्या घडवी, पात्यांवर प्रेमाचे दोहे कोरी. "तुझी सुरी माझ्या कानशीवर घासून बघतो," एवढंच तो बाबाला म्हणाला होता. चोराच्या हातची सुरी नको, म्हणत गिऱ्हाइकं फिरली. भट्टी विझली. हिवाळ्यात तोही विझला.

आज त्या धनगरामागून पाळी तिच्या भावाची होती. सुरी तुटली तर स्त्रातिसला गाव सोडावं लागणार होतं.

आर्गिरो कानस घेऊन पुढे आली. पोतडीला दोन कप्पे आहेत, हे तिनं हेरलं होतं. चीज देणाऱ्याला डाव्यातली सुरी, उलट बोलणाऱ्याला उजव्यातली. बाबा सावरायच्या आत तिनं दोन्हींतली एकेक ओढली. डावीवर कानस करकरत रुतली. उजवीवरून काचेवरून जावी तशी घसरली.

"हे काय गं पोरी?" कॅलिओपी मावशीनं विचारलं.

"मावशी, लालबुंद पातं तेलात बुडवलं की कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळ. मग मंद आचेवर ठेवून त्याचा ताठा उतरवायचा असतो. तेव्हा त्यावर मधासारखा रंग चढतो, पुढे जांभळा. उजव्या कप्प्यातल्यांना यानं ती आचच दाखवली नाही. आणि फरक दिसू नये म्हणून सगळी घासून आरसा केली."

तिनं उजवीकडची सुरी बाबाच्या मुठीत कोंबली. "आपट."

साधूची परीक्षा घेतली तर संत कोपतो, असं बाबा पुटपुटला.

"चीज पाठवू संताला. उतरेल कोप," आर्गिरो म्हणाली.

लोक हसले आणि त्यांनी बाबाला दगडाकडे ढकललं. त्यानं आपटली. सुरी तुटली.

चोर हाच, सुरीनं सांगितलं, असा गलका उठला. काठ्या वर झाल्या. याच घटकेसाठी आर्गिरोनं हिवाळा काढला होता. ती तिला गोड लागली, फार गोड. पण बापामागे धावलेला गलका हाच होता. तोच सूर, तीच तोंडं.

"थांबा," ती म्हणाली. "सुरीनं काही सांगितलेलं नाही. लोखंडाला पाप कळत नाही. हा ठक आहे, त्याला पोलीस नेतील. तुम्हाला मात्र मी सोडणार नाही. उद्या सगळ्यांनी भट्टीवर यायचं. आपल्या हातानं एक पातं ठिसूळ करायचं, एक चिवट. मग माझ्या बापाच्या थडग्यापाशी उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, आम्ही विचारलं नाही."

काठ्या खाली आल्या. कुणी तिच्याकडे बघेना.

"चमत्कार दिसला की आधी विचारा, कसं झालं. विचारायला संत लागत नाही, तोंड लागतं. तुम्ही गप्प राहिलात, म्हणून माझा बाप मातीत आहे."