गव्हाची बिअर

आजारी पडला तरी रविकांतचा मे महिन्यातला शिरस्ता चुकला नाही. रविवारी सकाळी त्यानं जेवणाचं टेबल पुसून घेतलं, माल्टच्या पिशव्या आणि हॉप्सची पाकिटं त्यावर मांडली आणि सुप्रभाला हाक मारली, "ये गं, या उन्हाळ्याची बिअर ठरवू."

एरवी तो कुणाला विचारत नसे. हा नाद त्याला भूकंपाच्या वर्षी लागला. सुप्रभा राधिकाला घेऊन माहेरी कोल्हापूरला गेली होती आणि हा इथे जपानात, इचिकावाच्या फ्लॅटमध्ये एकटा, वीज वाचवायची म्हणून एसी बंद ठेवून घाम गाळत बसलेला. तेव्हा कुठूनसं घरी बिअर करायचं एक किट आणलं आणि मग थांबलाच नाही. एक टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेली बिअर घरी करायला इथे कायद्यानं बंदी. किटबरोबर तशी जपानी चिठ्ठी यायची. आपल्याला जपानी वाचता येत नाही, असं म्हणून रविकांत ती केराच्या डब्यात टाकायचा. सुप्रभा विद्यापीठात यीस्टवर संशोधन करायची. "दिवसभर तेच बघते, घरी तरी नको," म्हणून ती या भानगडीपासून लांब राहिली होती.

पण यंदा त्याला तिचे हात हवे होते. फेब्रुवारीत पोटाचा कॅन्सर निघाला. औषधानं बोटं बधिर झाली होती आणि गारवा अजिबात सोसेना. फ्रिजच्या दाराला हात लागला तरी सुया टोचत.

डॉक्टर फक्त जपानी बोलत. रविकांतचं ऑफिसात इंग्रजीवर भागे, त्यामुळे तपासणीच्या खोलीत दोघांच्या मध्ये सुप्रभा. मागच्या भेटीत डॉक्टर रविकांतकडे बघत हलक्या आवाजात म्हणाले होते, की औषध लागू पडत नाही, यकृतातही पसरलं आहे. औषध थांबवू, त्रास कमी राहील असं बघू. हा उन्हाळा घरच्यांबरोबर घालवा.

सुप्रभानं सांगितलं, "औषधाला जरा सुट्टी देऊ म्हणतात. उन्हाळा घरी आरामात काढा."

रविकांतचा चेहरा खुलला. "आरिगातो गोझाइमास!" त्यानं हसून जपानीत आभार मानले. डॉक्टर क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिले. मग उठून उभे राहिले आणि कमरेत खाली वाकले.

आता टेबलाशी बसून तो उत्साहानं सांगत होता, "पिल्सनर करू. औषधाला सुट्टी आहे, म्हणजे तोवर हा गारव्याचा त्रास जाईल. सप्टेंबरात चारुदत्तला बोलवू, ऑफिसातल्यांना बोलवू. बर्फासारखी गार पिऊ."

सुप्रभानं मनात महिने मोजले. पिल्सनर थंडीत हळूहळू आंबते, मग दोन महिने फ्रिजमध्ये मुरावी लागते.

"गव्हाची कर ना," ती म्हणाली. "उकाड्यात नीट आंबते. हलकी असते."

"गव्हाची दोनदा झाली की. आणि तू कधीपासून बिअरमध्ये लक्ष घालायला लागलीस?"

"तीन आठवड्यांत तयार होते रे!"

तिच्या आवाजातली काकुळत तिलाच ऐकू आली. रविकांतचा हात पाकिटावर थांबला.

"घाई कुणाला आहे?"

ती हॉप्सची पाकिटं सरळ करत राहिली.

"सुप्रभा, घाई कुणाला आहे? डॉक्टर नेमकं काय म्हणाले?"

मग तिनं सांगितलं. काही गाळलं नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आणि मी त्यांना थँक्यू म्हटलं," तो म्हणाला. "हसून."

"मला वाटलं, थोडे दिवस तरी तुझे सुखात जातील. तू नव्हतास का भूकंपानंतर रोज फोनवर सांगत, सगळं ठीक आहे म्हणून?"

"तेव्हा जीव माझा धोक्यात होता आणि लपवत मी होतो. आताही जीव माझाच आहे. तो तू माझ्यापासून कसा लपवतेस?"

पुढच्या भेटीच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "उद्या तू बोलायचं नाहीस. राधिका सांगेल."

"चौदा वर्षांची आहे ती, रवी!"

"म्हणूनच. ती सारवासारव करणार नाही."

राधिका शाळेच्या गणवेशातच आली. डॉक्टर अस्वस्थ झाले. थोडं थांबलात तर दुभाषी बोलावतो, म्हणाले. रविकांतनं नकारार्थी मान हलवली. सुप्रभा मागच्या खुर्चीत हात आवळून बसली. पोरीची मराठी तिखटमीठ, डबा-दप्तर एवढ्यापुरतीच. यकृताला काय म्हणतात तेही तिला ठाऊक नव्हतं.

"बाबा, ते म्हणतात... पोटातलं ते दुसरं असतं ना, तिथे पण गेलंय. औषध आता उपयोगाचं नाही."

"आणि?"

राधिकानं आईकडे वळून पाहिलं. सुप्रभा पुढे सरकली, तसा रविकांतनं हात वर केला. "तू सांग, बाळा."

"मोमिजी, म्हणजे पानं लाल होतात ना... तेव्हा तू नसशील."

"बरं," तो म्हणाला. मग त्यानं वेदनेबद्दल विचारलं, घरी राहता येईल का ते विचारलं. पोरीनं एकेक प्रश्न नेला, एकेक उत्तर आणलं. परतताना ट्रेनमध्ये तिघं ओळीनं बसले.

जूनच्या सुरुवातीला तो आपणहून म्हणाला, "गव्हाचीच कर." राग गेला होता असं नाही, पण बोलायला एक विषय मिळाला. तो खुर्चीतून सांगे आणि सुप्रभा पातेल्याशी उभी राहून ढवळे. "आच कमी कर. उतू जाईल. प्रयोगशाळेत असंच करता का?" असं म्हणून एकदा तो हसलासुद्धा. राधिका तिच्या खोलीचं दार लावून होती.

बाटल्या उघडल्या त्या दिवशी चारुदत्त हिगाशी-कसाईहून आला. ऑफिसातला तो रविकांतचा सर्वांत जुना मित्र. रविकांतसाठी सुप्रभानं पेला कोमटच ठेवला होता. त्यानं एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि कसाबसा गिळला.

"लोखंड चाटल्यासारखं लागतंय," तो म्हणाला. "फेस मात्र छान आलाय."

पेला त्यानं बाजूला ठेवला. चारुदत्तनं आपला सगळा संपवला, वर आणखी एक मागितला आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला. उरलेल्या बाटल्या जाताना तोच घेऊन गेला.

ऑगस्टच्या मध्यावर, सगळं शहर सुट्टीला गावाकडे निघालेलं असताना, रविकांत गेला. घरी राहायचं त्याचं शेवटी जमलं नाही. दुखणं हाताबाहेर गेल्यावर हॉस्पिटलमध्येच न्यावं लागलं. चार पावलांवर बसलेल्या सुप्रभाला त्या दिवसांत तो "पाणी दे" एवढंच म्हणे. ती देई, कोमट.

विधी उरकले, शाळा सुरू झाली. राधिका आईच्या प्रत्येक बोलण्याला जपानीत उत्तर देऊ लागली. सुप्रभानं आधी दुर्लक्ष केलं, मग एकदा जेवताना चिडून म्हणाली, "माझ्याशी तरी मराठीत बोल. बाबाची भाषा आहे ती."

राधिकानं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. "मराठीत तोंड उघडलं की बाबाला सांगितलं तेच वाक्य येतं," ती जपानीत म्हणाली. "तू सांगायला हवं होतंस, आई. तेव्हाच. मग मला सांगावं लागलं नसतं."

सुप्रभानं भाताचा डाव हातात घेतला. तिनं विचारलं, "आणखी भात वाढू?" तेही जपानीतच. पोरीनं वाटी पुढे केली.

तेव्हापासून त्या दोघी आपसात जपानीच बोलतात. नांदेडहून सासऱ्यांचा फोन आला, की तेवढ्यापुरती घरात मराठी ऐकू येते.