अस्थी टांगायला झाड नाही

कमळी गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा शेजाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, "न्यायचं कुठे?"

मोठ्या रस्त्यासाठी चांदीपजवळचं आमचं गाव उठवून सरकारने आम्हाला विरारजवळच्या या इमारतींत आणलं. नकाशात बाग होती, पार्किंग होतं, पण स्मशान नव्हतं. माझ्या बायकोला शेवटी परक्या गावात जाळलं.

आमच्यात अस्थी घरात आणत नाहीत. नदीवर नेईपर्यंत गाडगं बाहेर झाडाला टांगतात. इथली झाडं गुडघ्याएवढी, म्हणून मी ते खिडकीच्या ग्रिलला बांधलं.

"मला आपल्या नदीच्याच पान्यात सोडा," असं ती म्हणाली होती. त्या वाटेवर आता पत्र्याचं कुंपण आहे. मी रस्त्याच्या प्रकल्पाच्या ऑफिसात साहेबाकडे गेलो. मोजणीच्या वेळी याच साहेबाने कमळीच्या हातचं ताक पिऊन, "वहिनी, तुमची सगळी सोय होईल," असं सांगितलं होतं.

"काका, आत जायला अर्ज लागेल. कारण लिहा."

"बायको मेली, हे कारण पुरेल?"

"चिडू नका. वसईला समुद्र आहे की. तिथे सोडा, पाणी ते पाणीच."

"तुमची आई गेली की मला बोलवा साहेब. मीच नाल्यात सोडून येईन."

मी अर्ज लिहून पुढे केला. त्यावर शिक्का मारून साहेबाने तो फायलींखाली सरकवला.

त्याला तीन महिने झाले. कुंपणाचं फाटक उघडलेलं नाही. कमळीच्या अस्थी सोडायच्या राहिल्या आहेत.